बाल्कनीतली खाडी गोधडीवर आणायची तर (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बस)

अगं तू मला काकू म्हणालीस म्हणून मी पण सरळ अगं-तुगंच करते. तुझा प्रश्न असा की ऐरोलीला तुझ्या बाल्कनीतून पश्चिमेला खाडी दिसते, तिवरं, पलीकडे मुलुंड-भांडुपच्या इमारती आणि त्यांच्यामागे येऊरकडचा डोंगर, आणि हे सगळं तुला भिंतीवर लावायच्या गोधडीत हवंय, चार फूट रुंद, तीन फूट उंच. आजीच्या सुती नऊवारींची पेटी आहे, ब्लाउज शिवता येतो, धावदोरा आजीनेच शिकवला, आणि तरी पहिला प्रयत्न "गॅदरिंगच्या पडद्यासारखा" झाला, तर चुकलं कुठे आणि कापड कुठलं घेऊ.

फोटो बघितला. पडदा झालाय खरा, पण शिवण चांगली आहे हं, कडा सरळ आहेत, सुरकुती नाही. तुझा हात चुकलेला नाहीये, डोंगराला लावलेला पोपटी रंग चुकलाय. तो पोपटी तुकडा तू सगळ्यात लांबच्या डोंगराला लावलास आणि जवळच्या तिवरांना फिकट मेंदी, त्यामुळे डोंगर धावत पुढे आलाय आणि तिवरं मागे गेलीयेत. बाकी सगळं नंतर बघू, आधी हे एवढं समजून घे, कारण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहातल्या नऊ जणी इथेच अडकतात, डोंगर म्हणजे हिरवा, पाणी म्हणजे निळं, असं शाळेत डोक्यात बसलंय ना, दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली वाकडी नदी आणि एक झोपडी. ते चित्र आधी डोक्यातून काढ. तुझ्या समोरचा डोंगर त्रिकोणी नाहीचे, लांबच लांब पाठ आहे नुसती, म्हशीच्या पाठीसारखी, मध्ये थोडी उठलेली.

लांबचा डोंगर हिरवा का नाही दिसत? तुझ्या आणि त्याच्यामध्ये कितीतरी किलोमीटर हवा आहे. त्या हवेतली वाफ, धूळ, धूर यांच्यावर उजेड आपटून विखुरतो आणि तो विखुरलेला उजेडच डोंगरावर पडद्यासारखा पसरतो, म्हणून जितकं लांब तितकं फिकट, निळसर-राखाडी, आणि उजेड-सावलीतला फरक पण कमी. आपल्याकडे तर समुद्राची दमट हवा, त्यात खाडी, मग हे अजूनच जास्त. एखादा पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते तेव्हा तोच डोंगर अंगावर आल्यासारखा हिरवागार दिसतो, पण ते वर्षातले थोडे दिवस. तुला जर तो पावसाळी दिवसच करायचा असेल तरी जवळची तिवरं त्याहून गडद लागतील, नाहीतर परत पडदाच.

म्हणून आधी वेळ ठरव. मी कळव्याला राहते, माझा पारसिकचा डोंगर पूर्वेला, त्यामुळे मला सकाळी साडेसहाला सूर्य मागे असताना त्याचे पदर वेगवेगळे दिसतात आणि दुपारी चारला उजेड समोरून पडला की सगळा सपाट होतो, भिंत लावल्यासारखा. तुझं उलटं. तू सकाळचा फोटो काढलायस म्हणून तुला सगळं एकसारखं दिसलं. संध्याकाळी सूर्य डोंगरामागे जायला आला की बस बाल्कनीत, डोळे किलकिले कर आणि फक्त पट्टे मोज. मला वाटतं सहा येतील, आकाश, डोंगर, इमारती आणि त्यांच्या पायाशी पलीकडची तिवरं मिळून एक, पाणी, ओहोटी असेल तर चिखल, आणि अलीकडची तिवरं. एवढेच करायचे. विजेचे टॉवर, पूल, लोकलचा आवाज, काही नाही 😄 एखादी गोष्ट सोडायला जीव होत नसेल तर ती दुसऱ्या गोधडीत घे.

ओहोटीचीच वेळ निवड असं मी सांगेन. भरतीचं पाणी सपाट असतं, ओहोटीला चिखल चमकतो, त्यात पाण्याच्या नाळी राहतात, आणि कापडाला त्यातच मजा आहे. एकदा ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाऊन ये, तुझ्या घराजवळच आहे, भरती-ओहोटी बघून बोट सोडतात त्यामुळे आधी चौकशी कर. पाण्यातून बघितलं की कळतं तिवराचा रंग नुसता हिरवा नसतो, पानाची वरची बाजू गडद चकचकीत आणि खालची पांढरट करडी, वारा आला की अख्खं झाड रंग बदलतं.

आता कापड. पेटीतली सगळी लुगडी काढ, जमिनीवर पसर, आणि रंगाप्रमाणे नाही तर फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने लाव. हे डोळ्याने जमत नाही, लाल आणि पिवळा फसवतात. मोबाईलने फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर, लगेच कळेल कोण कुठे बसतंय. तुझ्या पहिल्या कामाचा पण असा फोटो करून बघ, तो पोपटी तुकडा आकाशाएवढा पांढरा दिसेल आणि तुझा तुलाच साक्षात्कार होईल.

आणि एक गंमत, जी मला बरीच वर्षं सुचली नव्हती. कापडाची उलट बाजू वापर. छापील कापडाची उलट बाजू बहुतेक वेळा फिकी, धूसर असते, म्हणजे एकाच कापडाच्या सुलट बाजूने जवळचा डोंगर आणि उलट बाजूने त्याच्या मागचा, रंग आपोआप एकाच घरातले होतात. विणलेल्या साध्या लुगड्याला दोन्ही बाजू सारख्याच, तिथे हे चालणार नाही, तिथे चहाच्या पाण्यात बुडवून रंगाचा भडकपणा मारावा लागतो. चहाने पांढऱ्याचा भगभगीतपणा जातो, ओहोटीच्या चिखलाला तर तो रंग फारच छान बसतो, पण कोमट पाण्यात आधी कापड ओलं करून मग बुडव, नाहीतर डाग पडतात.

विकत काही घ्यायचं असेल तर फार नको. सगळ्याच्या खाली पाया म्हणून मांजरपाट (कोरं सुती कापड) लागेल, ठाण्याला जांभळी नाक्याला मिळतो. जास्त छटा हव्या असतील तर एक दिवस काढून मुंबईच्या मंगळदास मार्केटला जा, पण यादी घेऊन जा आणि संपूर्ण साडीचं कापड घेऊ नकोस, पाव मीटर, अर्धा मीटर मागायला लाजू नकोस, आकाशासाठी तेवढं दीड मीटर सलग घे. जॉर्जेट, सिंथेटिक असलं काही नको, इस्त्रीला चिकटतं आणि सुतीच्या शेजारी उपरं दिसतं.

घेतलेलं आणि जुनं सगळं आधी धुवायचं. सगळं म्हणजे सगळं. माझं पहिलं पैसे घेऊन केलेलं काम होतं खारघरच्या पांडवकड्याच्या धबधब्याचं, पांढऱ्या वॉयलचा धबधबा, दोन्ही बाजूंना काळे-तपकिरी कातळ, आणि एका कोपऱ्यात मला हौस म्हणून गुलमोहर हवा होता, तर त्याला मी एका दुकानातून लाल छापाचं कापड आणलं आणि घाईत न धुता लावलं. काम पूर्ण, मग वरच्या खडूच्या खुणा जाव्यात म्हणून अख्खी गोधडी टबात बुडवली. बाहेर काढली तर धबधबा गुलाबी. बरं गुलमोहर होता डावीकडे खाली, आणि मी बाई दोरीवर उलटी वाळत घातली, त्यामुळे तो रंग ओघळत बरोब्बर धबधब्यावरून कड्याच्या माथ्यापर्यंत गेला. गिऱ्हाईक बाई भल्या होत्या, म्हणाल्या संध्याकाळ आहे असं समजू. मी तो धबधबा उसवून परत केला, तीन आठवडे गेले. तेव्हापासून प्रत्येक कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर ठेवून गरम इस्त्री फिरवते, रुमालाला डाग लागला की ते कापड परत पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत. मीठ, व्हिनेगर घालून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, दुकानातल्या रंगांवर मला तरी त्याचा काही उपयोग दिसलेला नाही. अजरखसारखी निळीची कापडं तर धुतल्यावर पण हाताला लागतात, ती पांढऱ्याच्या शेजारी ठेवूच नकोस.

आजीच्या लुगड्यांची अजून एक परीक्षा. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कापड धरून हलका ताण दे. टर्रकन गेलं तर ते एकटं टिकणार नाही, त्याच्या मागे पातळ फ्यूजिंग लाव, शिंप्याकडे पेस्टिंग म्हणून मिळतं ते, पण सगळ्यात पातळ, कॉलरचं कडक नको. विरलेलं कापड टाकून देऊ नकोस, धुक्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

मापं. काम छत्तीस इंच उंच, तर साधारण आकाश आठ, डोंगर पाच, इमारती आणि पलीकडची तिवरं मिळून तीन, पाणी आठ, चिखल पाच, अलीकडची तिवरं सात. मोजून छत्तीस होतात. तू आकाश आणि खाली सगळं बरोबर अर्धं-अर्धं केलं होतंस, त्यामुळे नजर कुठे जावी ते कळत नव्हतं. मांजरपाट मात्र चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठा काप, कारण धावदोऱ्याने सगळं आत ओढलं जातं, चार फुटात माझं दीड-दोन इंच तरी जातं.

लावायचं वरून खाली, आधी आकाश मग त्याच्यावर डोंगर, म्हणजे पुढचं नेहमी मागच्याच्या अंगावर. आता डोंगर एकदा नीट सांगते, बाकीचे सगळे पट्टे तसेच. डोंगराचं कापड सुलट बाजू वर करून पसर, खडूने पाठीची रेघ ओढ, एका दमात ओढ, खोडत बसू नकोस, थरथरलेली रेघ पण डोंगराला चालते, पण घाबरलेली रेघ लगेच कळते. त्या रेघेच्या वर पाव इंच ठेवून काप. मग जिथे रेघ खाली वाकते, खिंडीसारखी, तिथे त्या पाव इंचात कात्रीच्या टोकाने छोटे छोटे कट दे, रेघेच्या अगदी जवळपर्यंत पण रेघेला न लागता, दोन सुती धागे शिल्लक राहतील इतपत. जिथे रेघ वर फुगते तिथे कट नको, तिथे नुसतं दुमडून बोटाने दाबायचं. हे उलटं केलं की खिंड ताठरते आणि उंचवट्यावर दात दिसतात, तुझ्या कामात डावीकडे झालंय बघ तसं. दुमडलं की इस्त्री, मग ते आकाशाच्या तुकड्यावर दीडेक इंच चढवून टाचण्या, आणि कडेपासून सुतभर आत बारीक हातशिलाई. मशीनने टीप मारलीस तरी चालेल पण दोरा डोंगराच्या रंगाचा घे. खालची कड कच्चीच राहू दे, ती पुढच्या पट्ट्याखाली जाणार आहे.

आणि आता पेटीतला खजिना. फोटोत एक लुगडं दिसतंय हिरवट काळ्या करवतकाठी किनारीचं. तो काठ कापून काढ आणि दात वर करून पलीकडच्या तिवरांच्या जागी आडवा लाव. करवतीचे दात लांबून झाडांच्या शेंड्यांसारखे दिसतात, एकही पान न शिवता झाडी तयार, आणि ज्याला माहीत नाही त्याला कळणारही नाही की हा आजीचा काठ आहे. काठ जड असतो, त्याच्याखाली दडलेला डोंगराचा जास्तीचा भाग कापून टाक म्हणजे जाडी येणार नाही. इमारतींना मी काय करते, राखाडी कापडाच्या दोऱ्याच्या दिशेने फाडलेल्या उभ्या पट्ट्या, कमी-जास्त उंचीच्या, काठाच्या मागून अर्धवट डोकावणाऱ्या, आठ-दहा बास. खिडक्या करू नकोस. काही जणी इमारती वगळतात, निसर्गात कशाला म्हणून, मला ते पटत नाही, तुझ्या बाल्कनीतून त्या दिसतात ना मग दिसू दे, फक्त फिक्या ठेव.

धुकं हवं असेल तर राखाडी किंवा पांढरी बारीक नेट, नाहीतर ऑर्गन्झा, डोंगरावर पसरायची आणि तिची खालची कड पुढच्या पट्ट्याखाली लपवायची. वरची कड आकाशात सोडायची, फाडून विरळ करून. नेटखाली कापडाचा चुरा भरून झाडी करायची पण एक पद्धत आहे, कॉन्फेटी म्हणतात, जपानच्या नोरिको एंडो यांनी ती फार गाजवली, त्यांची अख्खी जंगलं अशीच आहेत. तुला मोह होईल, पण पहिल्याच कामात नको, चुरा सरकतो आणि हाताने शिवताना रडू येतं.

फ्लेमिंगो. तू विचारलंच आहेस, ऐरोलीत राहून कोण नाही विचारणार. ठाणे खाडीचा तो भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, फ्लेमिंगो नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि मे पर्यंत असतात, त्यामुळे तुझ्या चित्रात ते हवेत हे मान्य. पण तू जो सहा इंचांचा, एक पाय वर केलेला, डोळा काढलेला फ्लेमिंगो मधोमध लावलायस ना, त्याने बाळाच्या पाळण्यातली दुपटी झाली बघ. बाल्कनीतून तुला खरंच डोळा दिसतो का? दिसते ती चिखलाच्या काठावर एक गुलाबीसर रेघ, मध्येच जाड, मध्येच तुटलेली. तेवढंच कर. फिक्या गुलाबी वॉयलची करंगळीएवढी पट्टी, कडा उसवलेल्या, आणि तिच्यावर दोन-तीन गुलाबी छटांच्या दोऱ्याने फ्रेंच नॉट, म्हणजे गाठीचे टाके, कुठे दाट कुठे विरळ. दोन जातींचे येतात, मोठे पांढरट असतात आणि लहान जास्त गुलाबी, इथे लहानांचीच गर्दी, म्हणून गाठी बहुतेक गडद आणि मध्ये मध्ये एखादी पांढरट.

अलीकडच्या तिवरांच्या पायाशी चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं असतात, ती विसरू नकोस. आखूड उभे टाके, जाड तपकिरी दोरा, ओळीत नाही, विस्कटलेले. हे एवढं केलं की बघणारा खाडी ओळखतो, कारण नुसतं निळं पाणी आणि डोंगर कुठलाही असू शकतो, पण चिखलातून उभी राहिलेली मुळं म्हणजे आपलीच.

मध्ये काय भरायचं. जाड पॉलिस्टर वॅडिंग घेऊ नकोस, डोंगर उशीसारखा फुगतो. जुनी सुती चादर दुहेरी घाल, आजी घालायची तशीच. सोलापुरी चादर नको, वजनाने खाली लोंबते. तिन्ही थर चार-चार इंचावर कच्च्या दोऱ्याने धरून घे. आजीची पद्धत कडेपासून आत, फिरत फिरत मध्यापर्यंत, ती अंथरायच्या गोधडीला उत्तम आहे. पण इथे प्रत्येक पट्ट्याचा टाका वेगळा असणार आहे आणि आतला फुगवटा कुठेतरी निघाला पाहिजे, म्हणून मधून सुरू करून बाहेर जा, फुगवटा कडेला सरकतो आणि शेवटी कापला जातो.

धावदोरा हीच तुझी खरी कमाई आहे, म्हणून मशीनचं फ्री मोशन (कापड हाताने फिरवत हवी तशी शिलाई) वगैरे शिकायच्या नादी आत्ता लागू नकोस. आकाशात विरळ, आडव्या ओळी, दोरा आकाशाच्याच रंगाचा, म्हणजे नुसत्या खळ्या दिसतात. डोंगरावर बारीक टाके आणि ओळी आडव्या, किंचित डावीकडे उतरत्या. का, तर आपले डोंगर लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, माथेरान-प्रबळगडाकडे ते थर आडवे पायऱ्यांसारखे दिसतात, पण आपल्या या किनाऱ्याच्या बाजूला ते पश्चिमेकडे कललेले आहेत. तू पश्चिमेला तोंड करून बघतेस त्यामुळे ते कलणं तुला समोरून नीट दिसणार नाही, तरी ओळी एकदम पट्टीने आखल्यासारख्या नको एवढंच. पाण्यावर टाका लांब, ओळींमधलं अंतर वरती अर्धा सेंटीमीटर आणि खाली येता येता दीड. चिखलात नागमोडी. अलीकडच्या तिवरांवर भरतकामाच्या दोऱ्याचे तीन-तीन पदर घेऊन मोठे, उठून दिसणारे टाके. जवळचं मोठं आणि लांबचं बारीक हा नियम कापडासारखाच दोऱ्यालाही.

कडेला चौकटीसारखा जाड काठ लावू नकोस, पेटीतल्या कापडातून उरेब (तिरकी कापलेली) पट्टी काढून अर्ध्या इंचाची बारीक किनार कर, वरती आकाशाच्या रंगाची आणि खाली तिवराच्या, मध्ये कुठेतरी जोड. मागे वरच्या बाजूला चार इंचांचा नेफा शिवून त्यातून पडद्याची काठी घाल, खिळ्यांवर टोकं टांगलीस तर मध्ये झोळ पडतो. पश्चिमेच्या उन्हासमोर लावू नकोस, दोन उन्हाळ्यांत निळा रंग उडतो, आणि पावसाचा मार बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर अजिबात नाही, जुलैत मागे बुरशी धरते, माझ्या एका पारसिकच्या गोधडीच्या पाठीवर अजून ठिपके आहेत.

शिवायला बसण्याआधी सगळे पट्टे नुसते टाचण्यांनी लावून ब्लॅक अँड व्हाइट फोटो पाठव मला, टाका घातल्यावर पाठवलास तर मी उसवायलाच सांगणार. आणि तो पोपटी तुकडा फेकू नकोस गं, त्यातलं नखाएवढं नखाएवढं कापून अलीकडच्या तिवरांच्या शेंड्यांना लाव, कोवळी पानं तशीच दिसतात, आणि उरलेल्याचा नेफा कर.